नागपुरात डेटा सेंटरचं कूलिंग डिझाइन : मे आणि ऑगस्ट, दोन्ही महिन्यांत टिकेल असं

डेटा सेंटरच्या मेकॅनिकल डिझाइनवर वाचायला बरंच मिळतं, पण त्यातलं बहुतेक थंड देशांतल्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. तिथली गणितं जशीच्या तशी उचलून मिहान किंवा बुटीबोरीच्या प्लॉटवर मांडली, तर एप्रिल संपायच्या आत तोंडघशी पडायची वेळ येते. नवी मुंबईचं डिझाइन आणून डकवलं तरी तेच. तिथे दमट, खारट हवेची डोकेदुखी आहे, पण पंचेचाळीस अंशांची नाही.

हा लेख व्हीएनआयटी, वायसीसीई, रामदेवबाबासारख्या कॉलेजांतून मेकॅनिकल करून एचव्हीएसीमध्ये (हीटिंग, व्हेंटिलेशन आणि एसीच्या क्षेत्रात) आलेल्या आणि आता पहिल्यांदा डेटा सेंटरचं काम हातात आलेल्या मुलामुलींसाठी आहे. सायक्रोमेट्रिक चार्ट वाचता येतो आणि पंपाचा कर्व्ह कळतो, एवढं गृहीत धरलंय. उदाहरण म्हणून बुटीबोरीला १ मेगावॅट आयटी लोडचा एक हॉल घेऊ.

१. लोड काढायला वेळ लागत नाही, लोडबद्दल प्रश्न विचारायला लागतो

सर्व्हरमध्ये गेलेला प्रत्येक वॅट उष्णता होऊनच बाहेर पडतो. १ मेगावॅट आयटी म्हणजे १००० किलोवॅट उष्णता, म्हणजे साधारण २८४ टन (रेफ्रिजरेशनचे). त्यात यूपीएसचे लॉसेस, हॉलमधल्या पंख्यांची उष्णता आणि दिवे मिळवा. भिंती आणि छताचा लोड? नागपूरचं ऊन असलं तरी ५०० चौरस मीटरच्या, नीट इन्सुलेट केलेल्या छतातून येणारी उष्णता दहा-पंधरा किलोवॅटच्या घरात राहते. एकूण लोडच्या जेमतेम एक-दीड टक्का. ऑफिस बिल्डिंगची सवय असलेले इंजिनिअर लोड कॅल्क्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पश्चिमेच्या काचेवर दोन दिवस घालवतात. इथे ते दोन दिवस दुसरीकडे खर्च करा.

कुठे, तर क्लायंटला प्रश्न विचारण्यात. पहिल्या वर्षी प्रत्यक्षात किती लोड येणार? बहुतेक ठिकाणी हॉल हळूहळू भरतो, आणि १ मेगावॅटसाठी बसवलेली यंत्रणा सुरुवातीचे कित्येक महिने शंभर-दीडशे किलोवॅटवर चालते. चिलर (पाणी थंड करणारं मशीन) त्या लोडला सतत चालू-बंद होत राहिला तर कॉम्प्रेसरची वाट लागते. म्हणून चिलरचा आणि पंपाचा किमान लोड डेटाशीटवर तपासा. दुसरा प्रश्न रॅकचा. ६-८ किलोवॅटचे रॅक, ४० किलोवॅटचे रॅक आणि एआयसाठीचे १२० किलोवॅटचे रॅक ही तीन वेगवेगळी डिझाइनं आहेत, एकाचीच लहानमोठी रूपं नव्हेत.

आणखी एक. हा लोड जवळजवळ पूर्णपणे सेन्सिबल, म्हणजे फक्त हवा तापवणारा, असतो. कम्फर्ट एसीच्या कॅटलॉगमधल्या १०० टनांत हवेतली ओल काढायची क्षमताही मोजलेली असते, ती इथे कामाची नाही. कॅटलॉगमधला सेन्सिबल क्षमतेचा रकाना शोधा आणि तोच वापरा.

२. हवामानाचा आकडा कुठून घ्यायचा

नागपूरचा अधिकृत उच्चांक २३ मे २०१३ चा आहे, ४७.९ अंश. ३० मे २०२४ ला मात्र शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. असले बातमीतले आकडे डिझाइन बेसिसमध्ये येऊ देऊ नका. त्याच्या उलट चूकही तेवढीच सर्रास होते. साध्या इमारतीसाठी ०.४ टक्क्यांचं डिझाइन तापमान चालतं, म्हणजे वर्षातले पस्तीसेक तास ते ओलांडलं जाईल हे मान्य केलेलं असतं. डेटा सेंटरला ते पस्तीस तास माफ नाहीत. इथे ॲशरे या एचव्हीएसी इंजिनिअरांच्या अमेरिकी संस्थेच्या तक्त्यातलं वीस वर्षांतून एकदा येणारं कमाल तापमान घ्यायचं. डेटा सेंटरचा दर्जा ठरवणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटच्या टिअर सर्टिफिकेशनलाही क्षमता त्याच तापमानावर दाखवावी लागते.

पण खरी गोष्ट ड्राय बल्बच्या, म्हणजे साध्या थर्मामीटरवरच्या तापमानाच्या, पुढे आहे. मे महिन्यात दुपारी ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना वेट बल्ब (नुसत्या पाण्याच्या वाफेने हवा जास्तीत जास्त जिथवर थंड होते ते तापमान) २३ च्या आसपास असतो. ऑगस्टमध्ये ३१ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला तोच २७ वर जातो. तापमान तेरा अंशांनी उतरलं आणि वेट बल्ब चारने चढला. घरचा कूलर मे महिन्यात खोली गारेगार करतो आणि जुलैत नुसती चिकचिक करतो, हे प्रत्येक नागपूरकराला अंगाने माहीत आहे. तेच इथे कागदावर मांडायचंय. एअर-कूल्ड चिलरचा कठीण महिना मे, कूलिंग टॉवरचा ऑगस्ट. डिझाइन बेसिसच्या पहिल्या पानावर दोन्ही ओळी वेगवेगळ्या लिहा, आणि यंत्र निवडताना त्याला लागू होणाऱ्या ओळीवरच निवडा.

समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहून ठेवा, सुमारे ३१० मीटर. फार वाटत नाही, पण पुढच्या पायरीत तिचा हिशेब लागतो.

३. हॉलमधलं तापमान, पाण्याचं तापमान, हवेचं प्रमाण

सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश ही ॲशरेने शिफारस केलेली रेंज आहे. तरीही क्लायंटच्या आयटी टीममधलं कोणीतरी '२० अंशच पाहिजे' म्हणतं. त्यांच्याशी भांडू नका, विजेचं बिल दाखवा. हॉलमध्ये २४ अंशांची हवा सोडली आणि ती ३६ ला परत आली, तर चिलरचं पाणी २० जाताना आणि ३० येताना ठेवता येतं. कम्फर्टमधल्या ७ आणि १२ च्या तुलनेत हा मोठा फरक आहे. पाण्याचं तापमान एक अंश वाढवलं की चिलरची वीज ढोबळमानाने दोन-तीन टक्के वाचते. शिवाय कॉइलवर पाणी साचत नाही. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र बारा-तेरा अंशांवर उतरते, त्या काळात फ्री कूलिंग कॉइल (बाहेरच्या थंड हवेने पाणी गार करणारी) कॉम्प्रेसरचं बरंचसं काम स्वतः करते. ७ अंशांच्या पाण्यावर ती कॉइल जवळपास शोभेची ठरते.

आता हवा. १२ अंशांच्या फरकाला समुद्रसपाटीच्या पाठ हिशेबाने १ किलोवॅटला १४६ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) येतात. नागपूरच्या उंचीवर, २४ अंशांच्या हवेची घनता घनमीटरला १.१५ किलोच्या आसपास भरते, म्हणून इथे १५३ लागतात. १ मेगावॅटला १ लाख ४६ हजारांऐवजी १ लाख ५३ हजार. जवळजवळ पाच टक्के फरक, आणि एवढ्यात एखाद्या पंख्याचं मार्जिन संपतं.

हॉट आइल किंवा कोल्ड आइल कंटेनमेंट (रॅकच्या ओळींमधली गरम आणि थंड हवा वेगळी ठेवणारा आडोसा) नसेल तर हे सगळं पाण्यात. रॅकमधल्या रिकाम्या जागा ब्लँकिंग पॅनलने बंद करणं हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. बीओक्यूमध्ये (कामांच्या आणि मालाच्या यादीत) त्याची स्वतंत्र ओळ घाला, नाहीतर ते काम कोणाचंच राहत नाही.

४. उष्णता बाहेर फेकायची कशी

नागपूरचं डिझाइन इथे ठरतं, म्हणून इथे थांबू.

एअर-कूल्ड चिलरला पाणी लागत नाही. पण कॅटलॉगमधली क्षमता बहुधा ३५ अंश बाहेरच्या हवेला दिलेली असते. ४८ ला तेच मशीन किती देतं हे निर्मात्याकडून लेखी घ्या. ४८ कशासाठी? उच्चांकाच्या घरातलं तापमान तर आहेच, वर गच्चीची हवा वेगळी असते. मे महिन्यात दुपारी तीन वाजता गच्चीवर जाऊन कंडेन्सर कॉइलच्या तोंडाशी थर्मामीटर धरून पाहा. हवामान खातं ४४ म्हणत असतं आणि कॉइलसमोर ४८-४९ दिसतात. शेजारच्या चिलरने वर फेकलेली गरम हवा पॅरापिटला आपटून किंवा दोन मशीनच्या मधून खाली ओढली जाते. हाय प्रेशरवर मशीन ट्रिप झालं की ऑपरेटरचं ठरलेलं वाक्य ऐकू येतं, 'साहेब, मशीन बरोबर आहे, हवाच गरम येऊन राहिली.' आणि तो बरोबर असतो. म्हणून चिलरमधलं अंतर, पॅरापिटची उंची आणि अकूस्टिक लूव्हर यांचं गच्चीसकट सीएफडी (हवेच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं गणित) करा. वारा उन्हाळ्यातला, वायव्येकडचा धरा. हॉलचं सीएफडी सगळेच करतात. नागपुरात गच्चीचं जास्त गरजेचं आहे.

वॉटर-कूल्ड चिलर आणि टॉवर वीज कमी खातात, पण पाणी पितात. १ मेगावॅट आयटी, त्यावर कॉम्प्रेसर, पंप वगैरे धरून टॉवरवर साधारण १२५० किलोवॅट उष्णता येते. १ किलोवॅट-तास उष्णतेला जवळजवळ दीड लिटर पाणी वाफ होतं. म्हणजे तासाला सुमारे १८५० लिटर, वर चार सायकल्सच्या (क्षार चौपट होईपर्यंत पाणी फिरवायच्या) हिशेबाने ६०० लिटर ब्लोडाउन, म्हणजे सोडून द्यायचं क्षारयुक्त पाणी. दिवसाला ५९ हजार लिटर, दहा हजार लिटरचे सहा टँकर. मे महिन्यात याहूनही जास्त, कारण टॉवरमध्ये शिरणारी ४४ अंशांची हवा बाहेर पडताना त्याहून थंड होऊन पडते, आणि तिला थंड करायचा खर्चही पाण्यालाच भरावा लागतो. पेंच आणि कन्हानच्या भरवशावर असलेल्या शहरात मे महिन्यात हे पाणी रोज, न चुकता मिळेल असं गृहीत धरणारं डिझाइन मी पास करणार नाही.

प्रक्रिया केलेलं सांडपाणी हा खरा पर्याय आहे, आणि नागपूरला त्याची सवयही आहे. भांडेवाडीच्या प्रकल्पातलं १३० एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) पाणी कोराडीच्या औष्णिक केंद्राला देण्याची योजना इथलीच. पण ते पाणी सरळ टॉवरमध्ये सोडायचं नसतं. त्यातला अमोनिया चिलरच्या तांब्याच्या ट्यूब खातो, फॉस्फेट ट्यूबवर बसतो आणि शेवाळाला खाद्य पुरवतो. अल्ट्राफिल्ट्रेशन, सॉफ्टनिंग, बायोसाइड, सगळ्याला जागा आणि माणूस लागतो. पाण्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय ट्यूबचं मटेरियल ठरवू नका.

माझं मत विचाराल तर दहा-पंधरा मेगावॅटपर्यंतच्या प्रकल्पाला नागपुरात एअर-कूल्ड चिलर आणि त्याच्या कॉइलपुढे ॲडियाबॅटिक पॅड (घरच्या कूलरसारखे, ओले ठेवायचे) ही जोडी उत्तम. ४४ अंश ड्राय बल्ब, २३ वेट बल्ब आणि पॅडची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर कॉइलला २८-२९ अंशांची हवा मिळते. ऑगस्टमध्ये पॅडचा उपयोग नाही, पण तेव्हा गरजही नाही, कारण हवाच ३१ अंशांची असते. पाणी फक्त मार्च ते जूनमधल्या उन्हाच्या तासांना लागतं. अट एकच, आणि ती सोडायची नाही: पॅड पूर्ण कोरडे असताना, वीस वर्षांतल्या सगळ्यात वाईट दुपारी, स्टँडबाय मशीन बाजूला ठेवूनही चिलर पूर्ण लोड उचलू शकले पाहिजेत. पाण्याने वीज वाचावी, पण क्षमता पाण्यावर टांगलेली नको. टँकर आला नाही तर बिल वाढेल, हॉल बंद पडणार नाही.

धूळ विसरू नका. उत्तरेला कोराडी-खापरखेड्याची राख, उन्हाळ्याच्या तोंडाशी सावरीचा कापूस, आणि बांधकामाची धूळ तर सगळीकडे. फिन्सची दाट कॉइल कागदावर छान दिसते आणि एप्रिलमध्ये गादीसारखी भरते. थोडी विरळ, धुता येईल अशी कॉइल घ्या आणि मागे माणूस उभा राहील एवढी जागा ठेवा. नाग नदीजवळ किंवा मोठ्या नाल्याकाठी प्लॉट असेल तर तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या महिनाभर लटकवून गंज मोजा. तांब्यावर महिन्याला ३०० आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर ठीक. वर गेलं तर बाहेरून येणाऱ्या ताज्या हवेला केमिकल फिल्टर लागेल.

५. एक व्हॉल्व्ह बिघडला तर?

एन प्लस वन (गरजेपेक्षा एक जास्त) म्हटलं की लोक एक चिलर जास्त घेतात आणि काम झालं समजतात. पाइपिंगचा स्केमॅटिक टेबलावर पसरा, लाल पेन घ्या, आणि प्रत्येक वस्तूवर एकेक करून काट मारा. हा पंप दुरुस्तीला गेला. हॉल चालू आहे? हा हेडर कापायचाय. चालू आहे? हा बटरफ्लाय व्हॉल्व्हच बदलायचाय, त्याच्या दोन्ही बाजूंचं पाणी कुठे अडवणार? इथे बहुतेक स्केमॅटिक नापास होतात. रिंग मेनवर दोन शाखांच्या मध्ये एकच व्हॉल्व्ह असेल तर तो बदलताना दोन्ही शाखा बंद ठेवाव्या लागतात. त्या दोन शाखा एकाच हॉलच्या दोन युनिट्सच्या असतील तर मार्जिन गेलं. म्हणून तिथे दोन व्हॉल्व्ह, मध्ये ड्रेन. खर्च वाढतो, क्लायंट कुरकुरतो. त्याच्यासमोर हाच लाल पेनचा खेळ एकदा खेळा.

इलेक्ट्रिकलवाल्यांबरोबर हेच पुन्हा करा. दोन पंप आहेत, पण दोघांचा फीडर एकाच पॅनलवर, असं शेवटच्या ड्रॉइंगपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

६. वीज गेल्यानंतरची पाच मिनिटं

डीजी (डिझेल जनरेटर) सुरू होऊन लोड घ्यायला काही सेकंद लागतात, चिलरला पुन्हा पूर्ण क्षमतेवर यायला काही मिनिटं. तोवर सर्व्हर यूपीएसवर चालूच असतात आणि उष्णता ओततच असतात. तेवढ्या वेळेला थंड पाणी टाकीत साठवायचं.

१००० किलोवॅट, ५ मिनिटं, म्हणजे ३०० मेगाज्यूल. पाण्यात १० अंशांचा फरक असेल तर ७२०० लिटर. टाकीत गरम-थंड पाणी थोडं मिसळतंच, म्हणून ९-१० हजार लिटरची टाकी घ्या. ७ आणि १२ चं पाणी ठेवलं असतं तर फरक निम्मा आणि टाकी दुप्पट. पाण्याचे पंप आणि हॉलमधल्या युनिटचे पंखे यूपीएसवर नसतील तर ही टाकी नुसती उभी राहील. चिलरच्या रीस्टार्टची वेळ ब्रोशरमधून घेऊ नका. फॅक्टरी टेस्टमध्ये मुख्य वीज तोडायला लावा आणि घड्याळ लावून बसा.

७. लिक्विड कूलिंग आलं तर

एनव्हिडियाच्या जीबी२०० एनव्हीएल७२ सारखा रॅक सुमारे १२० किलोवॅटचा आणि वजनाने साधारण १३६० किलोचा असतो. स्ट्रक्चरलच्या इंजिनिअरला पहिल्याच मीटिंगला बोलवा.

त्यातले समजा १०० किलोवॅट चिपवरच्या कोल्ड प्लेटमधून द्रवाने काढले. १० अंशांच्या फरकाला किलोवॅटमागे मिनिटाला दीड लिटर धरा, म्हणजे एका रॅकला दीडशे लिटर. उरलेले २० किलोवॅट हवेतच येतात, आणि ते जुन्या अख्ख्या रॅकपेक्षा जास्त आहेत. तेव्हा 'आता हवेचं कूलिंग लागत नाही' असं कोणी म्हणालं तर हा हिशेब पुढे करा.

परदेशी सादरीकरणांत ४० अंशांचं पाणी आणि नुसता ड्राय कूलर, चिलरच नाही, असं चित्र असतं. नागपुरात मे महिन्यात, हवा आणि पाणी यांत ८ अंशांचा फरक (ॲप्रोच) धरला, तर ड्राय कूलर ४६ अंशांच्या हवेतून ५४ च्या खाली पाणी आणू शकत नाही. पुढे ॲडियाबॅटिक पॅड लावले तर ३६-३७ मिळतं. टॉवर असेल तर ऑगस्टमध्येसुद्धा, २७ वेट बल्ब, ४ अंशांचा ॲप्रोच आणि प्लेट हीट एक्स्चेंजरचे २ धरून, ३३ मिळतं. म्हणजे चिलरशिवाय चालवणं इथे शक्य आहे, पण पाण्याच्या बळावर. आणि क्षमता पाण्यावर टांगायची नाही ही अट कायम असल्याने शेवटी ट्रिम चिलर (कमी पडेल तेवढंच थंड करणारा) येतोच. निदान तो वर्षातले थोडे तासच चालतो.

सीडीयूचे (रॅककडे द्रव फिरवणाऱ्या युनिटचे) पंप यूपीएसवरच हवेत, इथे चर्चा नाही. प्रवाह थांबला तर चिपकडे मिनिटं नसतात, सेकंद असतात. पाइप फ्लश करून ५० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक फिल्टरमधून द्रव फिरवल्याशिवाय एकही रॅक जोडू देऊ नका. कोल्ड प्लेटच्या वाटा केसासारख्या बारीक असतात, वेल्डिंगचा एक कण पुरतो.

८. डीजी, डिझेल, आग

डीजीचा रेडिएटर ५० अंशांच्या हवेवर निवडा आणि अल्टरनेटरचं ४० च्या वरचं डीरेटिंग इलेक्ट्रिकलला विचारा. डिझेल युनिटला साधारण पाव लिटर: एकूण १.५ मेगावॅटला २४ तास चालवायला ९००० लिटर. एवढ्या साठ्याला पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेची) परवानगी लागते, तो अर्ज सुरुवातीलाच करा. गॅस सप्रेशन असलेल्या हॉलला प्रेशर रिलीफ डँपर हवा, आणि गॅस सुटल्यावर कूलिंग युनिट चालू ठेवायची की बंद करायची हे फायरच्या कन्सल्टंटबरोबर लेखी ठरवा.

९. टेस्टिंग आणि हँडओव्हर

प्रकल्प डिसेंबरमध्ये हँडओव्हर होत असेल तर चिलर ४८ अंशांना चालतो का, हे साइटवर कळायला मार्ग नाही. ती टेस्ट फॅक्टरीच्या क्लायमेट चेंबरमध्ये, तुमच्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे, आणि ती अट ऑर्डरमध्येच हवी. नंतर मागितली तर जादा पैसे मागतात, ते त्यांच्या जागी बरोबरच आहे. साइटवर लोड बँक (सर्व्हरऐवजी उष्णता देणारे हीटर) लावून पूर्ण १ मेगावॅट उष्णता तयार करा, मग वीज तोडा, एक चिलर पाडा, एक पंप पाडा, बीएमएसचा (इमारतीच्या नियंत्रण यंत्रणेचा) कंट्रोलर बंद करा. प्रत्येक वेळी सर्व्हरच्या तोंडाशी तापमान कितीपर्यंत चढलं ते लिहा. कंत्राटदार लोड बँक चार कोपऱ्यांत ठेवू पाहतो. त्या रॅकच्या ओळींतच ठेवायला लावा, नाहीतर कंटेनमेंटची परीक्षा होतच नाही. त्या हॉलचा पहिला मे येईल तेव्हा गच्चीवर पुन्हा एकदा मोजमाप घ्यायचं कलम करारात घाला.

ऑपरेटरच्या हाती मॅन्युअल देताना हंगामाचं एक पान वेगळं, मराठीत, लॅमिनेट करून द्या. फेब्रुवारीअखेर पॅड बसवून पाण्याच्या लाइनी फ्लश करायच्या. सावरीचा कापूस उडायला लागला की कॉइल आठवड्याला बघायची. बाहेरचं तापमान ३० च्या वर गेलं की पॅडचं पाणी आपोआप सुरू होतं, ते खरंच होतंय का हे वर जाऊन पाहायचं. पाऊस स्थिरावला की पॅड काढून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवायचे. नोव्हेंबरपासून फ्री कूलिंगचा व्हॉल्व्ह रात्री उघडतो का, ते लॉगशीटच्या रकान्यात रोज भरायचं.